स्वस्तातलं बिग गेम रील घ्यावं का? माझं मत सविस्तर

नारळी पौर्णिमा उलटली की व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न यायला लागतो. "दादा, हे रील साडेसात हजाराला मिळतंय, तीस किलो ड्रॅग लिहिलाय, घेऊ का?" सोबत एक स्क्रीनशॉट, त्यात लाईन (गळाची दोरी) गुंडाळायचं सोनेरी रंगाचं चकचकीत रील आणि शेजारी मोठ्या अक्षरांत आकडे. ड्रॅग म्हणजे रीलातला ब्रेक, मासा ओढतो तेव्हा तो किती ताणावर लाईन सोडेल तो आकडा. फोनवर मी प्रत्येकाशी बोलतो पण दहा मिनिटांत हे सगळं सांगून होत नाही, आणि मग महिन्याभराने तोच मुलगा ते रील घेऊन माझ्याकडे येतो की दादा जरा उघडून बघ ना, आवाज येतोय. म्हणून म्हटलं यावेळी नीट बसून लिहूनच टाकू.

उत्तर आधीच देतो. कमी पैशात मोठ्या माशाचं, म्हणजे बिग गेम, रील मिळतं आणि चांगलं मिळतं, पण ते साधं असलं पाहिजे. पैसे कमी असतील तर जितके पार्ट कमी, जितकी रचना सरळ, तितकं ते रील टिकतं. आणि सगळ्यात आधी आपण कुठल्या पाण्यात, कुठल्या माशामागे जाणार आहोत हे ठरवायला पाहिजे. ते न ठरवता "बिग गेम" हा शब्द बघून रील घेणारे खूप बघितलेत.

आपल्या कोकणपट्टीचंच घ्या. आपल्याकडे समुद्र हळूहळू खोल होतो. मुंबईसमोर तर शेकडो किलोमीटर उथळ पट्टा आहे, खाली दक्षिणेकडे जाल तसा तो अरुंद होत जातो, पण तरीही देवगड-मालवणवरून एका दिवसात छोट्या बोटीने जाऊन मार्लिनच्या (खोल समुद्रातला मोठा मासा) पाण्यात पोचून परत येणं हे काही खरं नाही. आंग्रिया बँक हे समुद्राखालचं पठार घ्या, विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला, तिथेसुद्धा पठाराचा माथा वीसेक मीटर खोलीवरच आहे, म्हणजे एवढं लांब जाऊनही बघायला गेलं तर उथळच. मग आपल्याला रोजच्या गरवण्यात भेटतं कोण? सुरमई, कुपा, गेदर, सकला, खडपाजवळ तांबोशी, हेकरू, कधी नशिबात असला तर मोठा कोकर म्हणजे जीटी (जायंट ट्रेव्हली), आणि बाहेरच्या बाजूला क्वचित सेलफिश. यातली सुरमई आणि सेलफिश जोरात पळतात पण मोकळ्या पाण्यात पळतात, खडकात घुसत नाहीत. त्यांना लाईन द्यायची, दमवायचं, परत घ्यायचं. त्यासाठी भयंकर ड्रॅग लागत नाही, लागतो तो गुळगुळीत ड्रॅग आणि पुरेशी लाईन.

अंदमान म्हणजे वेगळी गोष्ट. तिथे प्रवाळाच्या कडेलाच पाणी एकदम खाली जातं. स्वराज द्वीपवरून (जुनं नाव हॅवलॉक) बोट निघाली की थोड्याच वेळात तुम्ही अशा ड्रॉपवर असता जिथे जीटी आणि डॉगटूथ ट्यूना गळाला लागल्या लागल्या सरळ खाली खडकात शिरायला बघतात, आणि बॅरन आयलंडच्या बाजूला तर ज्वालामुखीचा उतारच समुद्रात गेलेला आहे. तिथे पहिल्या काही सेकंदांत मासा थांबवला नाही तर लाईन प्रवाळाला घासून गेलीच म्हणून समजा. तिथे दहा-बारा किलोचा ड्रॅग खरोखर वापरला जातो. म्हणजे एकच शब्द "बिग गेम", पण एका ठिकाणी स्वस्त रील आरामात चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी तेच रील धोक्याचं ठरतं.

आता ड्रॅगच्या आकड्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

बॉक्सवर लिहिलेला मॅक्स ड्रॅग म्हणजे नॉब गच्च आवळल्यावर कधीतरी एकदा मिळालेला आकडा. त्या ड्रॅगवर ते रील किती वेळ चालेल, लाईन एकसारखी सोडेल का धक्के देत सोडेल, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. जुना साधा नियम असा की नायलॉन लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग लावायचा. आयजीएफए, जी संस्था १९३९ पासून या खेळाचे नियम आणि रेकॉर्ड सांभाळते, तिचे लाईन क्लास, म्हणजे लाईनच्या ताकदीचे गट, ३०, ५०, ८०, १३० पौंड असे आहेत आणि ट्रोलिंगच्या (चालत्या बोटीमागे आमिष ओढत गरवणं) मोठ्या रीलांना त्यावरूनच तीस, पन्नास, ऐंशी म्हणतात. हिशोब करा, ३० पौंडी लाईनला साधारण साडेचार किलो ड्रॅग, ५० ला सातेक किलो, आणि ८० पौंडीला बारा किलो. मग तीस किलोचा ड्रॅग कुणासाठी? हलत्या बोटीत, हार्नेस (रॉडचा भार अंगावर घेणारा पट्टा) न लावता, उभ्याने बारा किलो ड्रॅग धरून बघा एकदा, पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते. पंचवीस-तीस किलोला मासा थांबायच्या आधी माणूस पाण्यात जाईल. म्हणून स्वस्त रीलावर जितका मोठा आकडा तितका मी जास्त सावध होतो, कारण बनवणाऱ्याने पैसे वॉशरवर (एकमेकांवर घासून ड्रॅग देणाऱ्या चकत्या) घालायचे सोडून स्टिकरवर घातलेत असं वाटतं.

त्यापेक्षा घरी एक टेस्ट करा, पैसे लागत नाहीत. लगेज मोजायचा डिजिटल काटा घ्या किंवा पाच लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन. रीलातून लाईन सरळ बाहेर काढा, रॉडच्या रिंगांतून नको कारण रॉड वाकला की घर्षण वाढतं आणि आकडा चुकतो. ड्रॅग पाच किलोला सेट करा. आता हळूहळू ओढा आणि बघा की स्पूल (लाईन गुंडाळलेला ड्रम) हलायला सुरुवात होते तेव्हा काटा किती दाखवतो आणि हलत असताना किती दाखवतो. चांगल्या रीलात हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. खराब रीलात सुरुवातीला काटा सात दाखवतो, मग एकदम सुटून पाचवर येतो, मग परत अडकतो. हा जो सुरुवातीचा झटका आहे ना, तोच लाईन तोडतो, कारण मासा पळता पळता थांबतो आणि परत पळतो तेव्हा दरवेळी तो झटका गाठीवर बसतो. आपण म्हणतो मासा खूप मोठा होता. बऱ्याचदा मासा नेहमीचाच असतो, ड्रॅग अडकलेला असतो.

दुसरी टेस्ट पुळणीवर करायची. मित्राच्या हातात लाईनचं टोक द्या आणि त्याला ओल्या वाळूवरून पळायला लावा, शंभरएक मीटर जाऊ दे, ड्रॅग तेवढाच ठेवा. मग लगेच काटा लावून परत मोजा. बरीचशी स्वस्त रीलं इथेच उघडी पडतात. ड्रॅग म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता, ती जाणार कुठे? दहा किलोचा ड्रॅग असेल आणि मासा सेकंदाला दहा मीटर लाईन नेत असेल तर त्या मूठभर वॉशरांमध्ये जवळपास हजार वॉटची उष्णता तयार होते, घरातली इस्त्री चालू करून मुठीत धरल्यासारखं. अर्ध्या वेगाने गेला तरी पाचशे वॉट. कार्बन फायबरचे वॉशर ही उष्णता सहन करतात, त्यांना ड्रॅगचं ग्रीस लावलेलं असलं तर अजून गुळगुळीत चालतात. तेलात भिजवलेले फेल्टचे वॉशर कमी ड्रॅगवर छान वाटतात, दुकानात बोटाने फिरवून बघितलं तर लोण्यासारखे, पण जास्त ड्रॅगवर दबून जातात आणि तापले की वागणं बदलतं. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की वॉशर कसले आहेत. दुकानदाराला माहीत नसेल तर ते रील तिथेच ठेवा.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. लाईन जशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा घेर कमी होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो. घेराचा व्यास निम्मा झाला की लाईनवरचा ताण दुप्पट. म्हणजे साडेचार किलोला लावलेलं रील अर्ध्या व्यासावर नऊ किलोला ओढतंय आणि तुम्ही हातही लावलेला नाही. वर पाण्यात पसरलेल्या लाईनचं ओढणं वेगळंच. अशा वेळी ड्रॅग कमी करायचा असतो, आणि तो बारीक बारीक कमी करता आला पाहिजे. स्वस्त रीलांत नॉब पाव फेरा फिरवला की दहा किलोवरून एकदम दोन किलोवर येतो, मधलं काही मिळतच नाही. हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आता माझा मुख्य मुद्दा. कमी बजेट असेल तर स्पिनिंग रील घेऊ नका, ड्रमवालं, म्हणजे कन्व्हेन्शनल रील घ्या.

याचं कारण रचनेत आहे. कन्व्हेन्शनलमध्ये स्पूल दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, लाईन सरळ त्यावर येते, आतले गिअर एकमेकांना समांतर. ताकद सरळ रेषेत जाते. स्पिनिंग रीलात लाईन रोलरवर येऊन काटकोनात वळते, रोटर (स्पूलभोवती फिरून लाईन गुंडाळणारा भाग) एका टोकालाच धरलेला असतो आणि त्यावर सगळा भार बाजूने येतो, आत गिअरसुद्धा काटकोनात फिरवायचं काम करतात. हे सगळं जोरात ओढणाऱ्या माशासमोर ताठ ठेवायचं तर बॉडी मजबूत लागते, गिअर चांगल्या धातूचे आणि अचूक कापलेले लागतात, आणि त्याला पैसे लागतात. शिमानोचं स्टेला एसडब्ल्यू लाखाच्या घरात जातं ते उगाच नाही. तेच काम आठ हजारात करून देतो म्हणणाऱ्याने कुठेतरी काटछाट केलेलीच असते आणि ती बहुतेक वेळा गिअरमध्ये आणि अँटी-रिव्हर्समध्ये (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) असते, जिथे तुमची नजर जात नाही.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. अंदमानला एका मित्राने नवीन, स्वस्त, मोठ्या साईजचं स्पिनिंग रील आणलं होतं, ब्रँडचं नाव घेत नाही, दिसायला अतिशय सुंदर. मी बोटीत त्याच्या शेजारीच उभा होतो. सकाळची वेळ, रीफच्या कडेला फेस येत होता, त्याने पॉपर (पाण्यावर उडवत ओढायचं खोटं आमिष) टाकला, दोन-तीनदा ओढला आणि पाणी फुटलं. जीटी होता, पाठ दिसली. पहिल्या पळण्यातच कळलं काहीतरी बिनसलंय, कारण ड्रॅगचा तो एकसारखा ट्रर्र आवाज येतच नव्हता, कट् कट् करत स्पूल थांबत थांबत फिरत होता. त्याने नॉब अजून आवळला. मग अँटी-रिव्हर्सच्या रोलरने पकड सोडली आणि हँडल उलटं गरकन फिरून त्याच्या अंगठ्याच्या मागच्या हाडावर बसलं. हात सुटला, लाईन ढिली पडली आणि मासा खडकात. लाईन तुटली तेव्हा पॉपर माशाच्या तोंडातच राहिला. अंगठा तीन दिवस सुजलेला होता, पण त्याला जास्त वाईट त्या माशाचं वाटलं, आणि मलाही.

रात्री खोलीवर टॉवेल पसरून आम्ही ते उघडलं. मेन गिअर झिंकच्या ओतीव धातूचा, दातांच्या कडा दाबून चपट्या झालेल्या आणि ग्रीसमध्ये राखाडी बारीक चूर मिसळलेला. अँटी-रिव्हर्सला मागून आधार देणारा खटका नव्हताच, सगळा भार एका रोलर क्लचवर, आणि त्यात कारखान्यातच जाड ग्रीस भरलेलं. रोलर क्लचमध्ये जाड ग्रीस गेलं की रोलर वेळेवर अडकत नाहीत, घसरतात. हे रील नदीत मरळ किंवा महसीर धरायला कदाचित वर्षानुवर्षं चाललं असतं. बारा किलोच्या ड्रॅगसाठी ते बनवलेलंच नव्हतं, फक्त बॉक्सवर तसं लिहिलेलं.

माशाच्या बाजूनेही विचार करा जरा. अंदमानात जीटी बहुतेक सगळे सोडून देतात, तिथल्या चांगल्या बोटींवर तसा दंडकच असतो. सोडायचाच मासा असेल तर तो लवकर वर आला पाहिजे. कमकुवत रीलावर मासा खूप वेळ खेळवला की तो पार थकतो, वर येईपर्यंत शार्क येतात, नाहीतर सोडल्यावर उलटा पडून खाली जातो. आणि तुटलेल्या लाईनसकट गळ घेऊन गेलेल्याचं तर विचारूच नका. मला हे पैशाच्या हिशोबापेक्षा मोठं वाटतं. अंदमानच्या पॉपिंगला स्वस्त स्पिनिंग घेऊन जाऊ नका असं मी हात जोडून सांगतो, त्यापेक्षा बोटवाल्याकडून चांगलं रील भाड्याने घ्या, बरेच जण देतात.

स्पिनिंगच पाहिजे, कास्टिंगच (आमिष लांब फेकून ओढणं) करायचंय, तर मग एक पायरी वर चढा. पेन कंपनीचं स्पिनफिशर, डाइवाचं बीजी ही मधल्या किमतीतली, कुठे आणि कुठल्या साईजचं घेता त्यावर दहा ते वीस हजारांच्या आसपास. स्पिनफिशरमध्ये कापून बनवलेले गिअर आहेत आणि आयपीएक्स ५ सीलिंग आहे, म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी आत जाऊ नये एवढं. याच्या वर पेनचंच स्लॅमर, आयपीएक्स ६, पितळी मेन गिअर, अंदमानला नेण्याच्या लायकीचं मी इथून पुढे मानतो. लक्षात घ्या की आयपीएक्स ५ किंवा ६ म्हणजे रील पाण्यात बुडवून ठेवायला परवानगी नाही, बुडवण्याची टेस्ट ७ आणि ८ मध्ये येते.

कोकणात ट्रोलिंग करायचं, खडपावर तळाला तांबोशी-हेकरूसाठी बसायचं, तर कन्व्हेन्शनलमध्ये कमी पैशात राजासारखं काम होतं. पेनचं सेनेटर घ्या. फिलाडेल्फियामध्ये १९३२ साली सुरू झालेली कंपनी आणि १९३६ पासूनचं हे मॉडेल, दिसायला जुनाट, पण आत काय आहे? एक मोठा गिअर, त्यात एकावर एक वॉशर, बाहेर स्टार ड्रॅगची, म्हणजे ड्रॅग आवळायची, चांदणी, संपलं. एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पाना असला की बोटीवरसुद्धा उघडता येतं. वॉशर काढून कार्बनचे टाकले की नव्यासारखं. यात झटपट ड्रॅग बदलणं लिव्हरइतकं सोपं नाही, वेग कमी आहे, वजन आहे, हे सगळं मान्य. पण मोडत नाही.

लिव्हर ड्रॅग (चांदणीऐवजी दांडी ढकलून बदलायचा) हवा असेल तर शिमानोचं टीएलडी २५. एक स्पीड, ग्रॅफाइटची फ्रेम, हलकं, जगभर चार्टर बोटींवर नवख्या लोकांच्या हातात देतात ते हेच, कारण लिव्हर स्ट्राईकच्या खुणेपर्यंत ढकल एवढंच सांगावं लागतं. सुरमई, कुपा, सकला, सेलफिश, सगळं यात बसतं. मात्र याला त्याच्या लायकीच्या ड्रॅगवरच वापरा. लिव्हर ड्रॅगमध्ये एक प्रीसेटचा नॉब (लिव्हर किती ड्रॅग देईल ते आधी ठरवणारा) असतो आणि लोकांना सवय असते की तो फिरवून फिरवून अजून ड्रॅग काढायचा. तो जास्त आवळला की बेअरिंगवर बाजूने दाब येतो, ड्रॅग सोडल्यावरही स्पूल नीट मोकळा फिरत नाही आणि हँडल फिरवताना जड, करकरत फिरतं. दुकानात कुठलंही स्वस्त लिव्हर ड्रॅग रील बघताना हेच करून बघा, लिव्हर फुल ढकला आणि हँडल फिरवा. जर हाताला अडकल्यासारखं लागलं तर मासा लागल्यावर तुम्ही लाईन आत घेऊच शकणार नाही, मग तो ड्रॅग असून उपयोग काय.

ग्रॅफाइट फ्रेमवर लोक उगाच नाक मुरडतात. ग्रॅफाइट गंजत नाही, आपल्या खाऱ्या हवेत हा फार मोठा फायदा आहे. त्याचा दोष म्हणजे जास्त भाराखाली ती पिळते, आणि फ्रेम पिळली की गिअर एकमेकांवर सरळ बसत नाहीत, स्पूलची कड बाजूच्या प्लेटला घासते. सात-आठ किलोपर्यंत चांगल्या कंपनीची ग्रॅफाइट फ्रेम मला कधी कमी पडलेली नाही. त्याच्या वर ॲल्युमिनियमची अखंड फ्रेम घ्या. स्पूल मात्र धातूचाच पाहिजे, यात तडजोड नाही. नायलॉन लाईन ताणाखाली गुंडाळली की ती आकसून स्पूलला सगळ्या बाजूंनी दाबते, जुन्या काळी प्लॅस्टिकचे स्पूल यामुळेच फुटायचे.

लाईनचा विषय निघाला म्हणून सांगतो, ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, लाईनमुळे बजेटवाल्यांचं खूप भलं झालंय. ५० पौंडी ब्रेडेड ही साधारण १२ पौंडी नायलॉनइतकी बारीक असते. म्हणजे पूर्वी जेवढ्या लाईनसाठी डोक्याएवढं रील लागायचं ते आता त्याच्या निम्म्या साईजमध्ये बसतं. मोठं ८० क्लासचं स्वस्त रील घेण्यापेक्षा त्याच पैशात छोटं चांगलं रील घ्या आणि ब्रेडेड भरा. खाली आधी थोडी नायलॉन गुंडाळा, नाहीतर ब्रेडेड स्पूलवर अख्खीच्या अख्खी फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅगच सुटतोय. आणि भरताना ओल्या फडक्यात धरून ताणून भरा, सैल भरली तर मासा ओढताना वरची लाईन खालच्या थरांत रुतते.

बेअरिंगच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. "१४+१" वगैरे. मोठ्या कन्व्हेन्शनल रीलाला चार चांगली बेअरिंग पुरतात. चौदा हलकी बेअरिंग म्हणजे आपल्या हवेत गंजायला चौदा जागा.

आमच्याकडच्या एका जुन्या तांडेलाचं (मासेमारी बोटीचा प्रमुख) मत यापेक्षा वेगळं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. तो आयुष्यभर हातदोरीने सुरमई गरवत आलाय, जाड नायलॉन, लाकडाच्या फळीला गुंडाळलेली, हाताला रबराचे तुकडे. आमची रीलं बघून तो म्हणाला, "दोरी सोडायची कधी आणि धरायची कधी ते हाताला कळतं, ह्या यंत्राला कळतंय का बघा." त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ड्रॅगचं सगळं काम हेच तर आहे. लक्षद्वीपला तर मिनिकॉयवाले बांबूच्या काठीने, बिनकाट्याच्या गळाने, रीलाशिवाय ट्यूना धडाधड बोटीत टाकतात. म्हणजे रील हा पोटापाण्याचा नाही, हौसेचा विषय आहे, आणि हौसेला उधारी करून लाखाचं रील घ्या असं मी कधीच कुणाला सांगणार नाही.

सुट्या भागांचा प्रश्न विचारायला विसरू नका, आपल्या देशात तर अजिबात नाही. साडेसात हजारांचं अनोळखी रील घेतलं आणि त्याची एक स्प्रिंग गेली, की ते रील गेलं. पेनच्या रीलांचे आतल्या भागांचे नकाशे नंबरसकट मिळतात, नंबर बघून पार्ट मागवता येतो, आपल्याकडे यायला वेळ लागतो, कस्टम लागतं, पण येतो. कुठलंही रील घ्यायच्या आधी त्याचा ड्रॅग वॉशर आणि अँटी-रिव्हर्सची स्प्रिंग मिळते का हे शोधा. नाही मिळाली तर ती किंमत एका सीझनची समजा.

आणि आपला पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद, त्यात आपलीही रीलं कपाटात जातात, आणि याच काळात सगळ्यात जास्त रीलं मरतात. मीठ आत राहिलेलं, त्यात ती दमट हवा. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचे स्क्रू असतात, दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हणजे गंज लागणारच, ऑक्टोबरमध्ये स्क्रू फिरवायला जाल तर डोकं तुटून हातात. प्रत्येक स्क्रू काढून आट्यांना मरीन ग्रीस लावून परत बसवा, नव्या रीलाचेसुद्धा, विशेषतः स्वस्त रीलाचे, कारण कारखान्यात ते कोरडेच बसवलेले असतात. समुद्रावरून आलं की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, पाईपची जोरदार धार मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसा, वाळवा, आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा म्हणजे वॉशर दबून बसणार नाहीत. हे केलं तर दहा हजारांचं रील बिनधुतलेल्या चाळीस हजारांच्या रीलापेक्षा जास्त टिकतं, माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात मित्रांची दोन्ही प्रकारची रीलं उघडलेली असतात म्हणून खात्रीने सांगतोय.

शेवटी सेकंडहँडबद्दल, कारण बजेट कमी असेल तर माझी पहिली पसंती खरंतर तीच. नवीन अनोळखी रीलापेक्षा जुनं, नावाजलेलं, साधं कन्व्हेन्शनल रील. बघायला जाताना खिशात काटा घेऊन जा. आधी स्क्रूंची डोकी बघा, खरवडलेली असतील तर कुणीतरी अर्धवट माहितीने उघडलंय. रॉडला पकडणारा क्लॅम्प आणि त्याखालची जागा बघा, पांढरी पूड दिसली तर ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. हँडल धरून पुढे-मागे हलवा, थोडी ढिलाई चालते, टक् टक् आवाज नको. स्पूल मोकळा करून बोटाने फिरवा आणि कान लावून ऐका, बेअरिंग खराब असेल तर वाळू फिरल्यासारखा आवाज येतो, तेवढ्यावरून रील नाकारू नका, बेअरिंग स्वस्तात बदलता येतं, पण किंमत कमी करून घ्या. मग ड्रॅग पाच किलोला लावा आणि वर सांगितलेली ओढायची टेस्ट तिथेच, विकणाऱ्याच्या समोर करा. करू देत नसेल तर निघून या.